शब्दांवाचून गोष्ट

मुलांनो, बासरी म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? कृष्ण! दुसरं कोण येणार? पण आपल्यापासून हजारो मैल दूर असलेल्या ग्रीस देशातल्या पुराणकथांत बासरी असते ती पॅनच्या हातात. आधी त्याचीच गोष्ट ऐका.

पॅन हा तिकडच्या मेंढपाळांचा देव. कमरेच्या वर माणूस, खाली बोकडाचे पाय आणि डोक्यावर दोन शिंगं! आर्केडिया नावाच्या डोंगराळ मुलखात तो हिंडायचा. तिथंच सिरिंक्स नावाची एक वनकन्या राहत होती. पॅनला ती फार आवडली. तिला मात्र तो मुळीच नको होता. ती पळाली, हा तिच्या मागे. पळता पळता लाडोन नदी आडवी आली. पुढे पाणी, मागे पॅन! तिनं नदीतल्या आपल्या बहिणींना हाक मारली, "मला वाचवा गं!" पॅननं झडप घातली, पण त्याच्या हातात सिरिंक्स आलीच नाही. आला तो बोरूचा एक जुडगा. बहिणींनी तिचं रूपच बदलून टाकलं होतं.

पॅननं एक मोठा सुस्कारा सोडला. तो वारा बोरूच्या पोकळ नळ्यांतून गेला आणि हळुवार, रडवेला असा सूर निघाला. मग पॅननं लहानमोठ्या लांबीच्या नळ्या कापल्या, मेणानं एकीला एक चिकटवल्या आणि त्या फुंकत बसला. त्या वाद्याचं नाव पडलं सिरिंक्स. (दवाखान्यात डॉक्टर ज्यातून औषध टोचतात ती सिरिंज पाहिली आहे ना? तो शब्दही याच नावावरून आलेला आहे. तीही पोकळ नळीच की!)

ही गोष्ट पुष्कळदा 'बिचारा पॅन' अशा थाटात सांगतात. मला काही ते पटत नाही. बिचारी असेल तर ती सिरिंक्स. ती जीव घेऊन पळाली, बोरू झाली, आणि तरी शेवटी त्याच्याच हातात गेली! तुम्हाला काय वाटतं, ते घरी आई-बाबांना सांगून पाहा.

आता खरी गंमत पुढे आहे. ओव्हिड नावाच्या रोमन कवीनं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ही गोष्ट लॅटिन भाषेत लिहून ठेवली. त्याच्याजवळ शब्द होते. पण समजा, तुम्हाला हीच गोष्ट एकही शब्द न वापरता सांगायची आहे. चित्रही काढायचं नाही, हातवारेही करायचे नाहीत. फक्त सूर वापरायचे. कशी सांगाल?

फ्रान्समधल्या क्लोद देब्युसी या संगीतकारानं १९१३ साली तसं करून दाखवलं. एका नाटकासाठी त्यानं बासरीची एक धून रचली. सोबत पेटी नाही, तबला नाही, दुसरं कोणतंच वाद्य नाही. एकटी बासरी, आणि तीही रंगमंचाच्या आड वाजणारी. सारी मिळून तीनेक मिनिटांची धून. सूर वरून सुरू होतो, गिरक्या घेत खाली येतो, थांबतो, पुन्हा वर जाऊ पाहतो आणि शेवटी विझतो. आज जगभरचे बासरीवादक ती वाजवतात.

गेल्या पावसाळ्यात ही धून मी आमच्या बोरी अरबच्या शाळेत चौथीच्या मुलांना मोबाईलवर ऐकवली. नाव सांगितलं नाही, गोष्टही सांगितली नाही. नुसतं विचारलं, "काय दिसलं?" एक जण म्हणाला, "कोणीतरी विहिरीत वाकून बघते." एकीला तिन्हीसांजेला गाय शोधत फिरणारा ढोरकी दिसला. (ढोरकी म्हणजे गुराखी, आमच्या वऱ्हाडातला शब्द आहे.) एकाला आजोबांची आठवण आली. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मले तं झोप येऊन रायली!" तेही उत्तर मी फळ्यावर लिहिलं. खोटं थोडंच होतं?

पॅन कोणालाच दिसला नाही. बोकडाचे पायही नाहीत. मग मी गोष्ट सांगितली आणि धून पुन्हा लावली. आता मात्र सगळ्यांना नदी ऐकू आली! जिथे सूर थांबतो तिथे "आता नदी आडवी आली" असं दोघी-तिघींनी हळूच एकमेकींना सांगितलं. धून तीच होती, एक सूरही बदलला नव्हता.

म्हणजे काय झालं, बघा. नुसत्या सुरांना 'बोकडाचे पाय' सांगता येत नाहीत. 'लाडोन नदी' सांगता येत नाही. कोण, कुठे, कधी, हे त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण पळण्याची धाप, थबकणं, हुरहूर, हे ते शब्दांपेक्षाही चांगलं सांगतात. मग उरलेलं कोण सांगणार? रचनाकाराजवळ त्यासाठी दोनच साधनं असतात. एक, रचनेला दिलेलं नाव. दुसरं, अनेक रचना असतील तर त्यांचा क्रम. बाकी सगळं ऐकणाऱ्यानं आपल्या मनात भरायचं.

नाव किती महत्त्वाचं, ते याच धूनमध्ये दिसतं. देब्युसीनं तिला 'पॅनची बासरी' असं म्हटलं होतं. पण १९२७ साली, तो वारल्यानंतर नऊ वर्षांनी, ती छापली गेली तेव्हा शीर्षक पडलं 'सिरिंक्स'. विचार करा हं. पहिलं नाव वाचून ऐकलं तर पॅन वाजवतोय असं वाटतं. दुसरं नाव वाचून ऐकलं तर तीच बोलतेय असं वाटतं! चौथीतल्या एका मुलीनं मला नेमका हाच प्रश्न विचारला होता, "मॅडम, हे तो वाजवून रायला की ते बोलून रायली?" तिनं ना देब्युसीचं नाव ऐकलं होतं, ना शीर्षकाची ही हकीकत.

इंग्लंडच्या बेंजामिन ब्रिटननं १९५१ मध्ये ओव्हिडच्या पुस्तकातल्या सहा पात्रांवर सहा छोट्या रचना केल्या. ओबो नावाच्या, आपल्या सनईच्या दूरच्या बहिणीसारख्या वाद्यासाठी. पॅन, सूर्याचा रथ हाकायचा हट्ट धरणारा फेथॉन, चौदा मुलं गमावून दगड झालेली निओबी, मद्याचा देव बॅकस, पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेला नार्सिसस आणि झरा झालेली अरेथुसा. त्यातला नार्सिसस मला सगळ्यांत आवडतो. ओबो एक ओळ वाजवतो, आणि लगेच तीच ओळ उलटी करून हळू आवाजात उत्तर देतो. वर गेलेला सूर खाली येतो, जसं पाण्यात झाड उलटं दिसतं. आहे की नाही युक्ती! पहिल्यांदा ही रचना वाजली तीसुद्धा पाण्यावरच. जॉय बॉटन नावाच्या वादक बाईंनी एका तळ्यात होडीत बसून ती वाजवली.

आणि खुद्द ग्रीसमधलं अलीकडचं उदाहरण द्यायचं तर वँगेलिस. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, तरी एका चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना ऑस्कर मिळालं होतं. २०२१ साली त्यांनी 'जुनो टू ज्युपिटर' नावाचा अल्बम काढला. ग्रीकांचा देवराज झ्यूस म्हणजेच रोमनांचा ज्युपिटर, आणि त्याची राणी हेरा म्हणजेच जुनो. कथा अशी, की झ्यूस आपल्या खोड्या लपवायला भोवती ढगांचा पडदा ओढून घ्यायचा, आणि राणी त्या ढगांतून आरपार बघायची! म्हणून अमेरिकेच्या नासानं गुरू ग्रहाच्या ढगांखाली काय आहे ते शोधायला पाठवलेल्या यानाचं नावच ठेवलं जुनो. ते २०११ मध्ये निघालं आणि ४ जुलै २०१६ ला गुरूजवळ पोचलं. त्यात लेगोच्या तीन छोट्या बाहुल्या आहेत, ज्युपिटर, जुनो आणि गॅलिलिओ. ॲल्युमिनियमच्या बनवलेल्या, बरं का!

वँगेलिस यांच्या अल्बममध्ये काही ठिकाणी एका गायिकेचा आवाज आहे, बाकीचा बराचसा भाग यंत्रवाद्यांचा. त्यातल्या पहिल्या रचनेचं नाव आहे 'ॲटलासचा धक्का'. ॲटलास म्हणजे खांद्यावर आकाश पेलणारा पुराणातला राक्षसी पुरुष, आणि जुनोला अवकाशात नेणाऱ्या रॉकेटचं नावही ॲटलास! नावाच्या दोन शब्दांत पुराण आणि विज्ञान दोन्ही बसवली. पुढच्या रचनांत प्रवास, ढगांचा पडदा, राणी, मग देवराज असा क्रम लागतो. गोष्ट त्या नावांत आणि क्रमात आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं परदेशाचं. आपल्याकडे कुणी असं केलं का?

केलं! पॅन मेंढपाळांचा देव, हे लक्षात आहे ना? आपल्या मुंबईतही एका मेंढपाळावरच पूर्ण ध्वनिमुद्रिका निघाली. साल १९६७. नाव 'कॉल ऑफ द व्हॅली', म्हणजे दरीची साद. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि एकही शब्द नाही.

ती काढणारा माणूस आपल्या विदर्भातला होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. जी. एन. जोशी. नागपूरचे वकील, आणि गळा गोड. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता त्यांनी १९३०च्या दशकात गाऊन रेकॉर्ड केली आणि मराठी भावगीताची आवड घरोघरी पोचली. तुमच्या पणजी-पणजोबांना हे गाणं नक्की ठाऊक असणार. रानात घुमणाऱ्या शिळेचं गाणं गाणारा हा माणूस वकिली सोडून एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत गेला आणि कितीतरी मोठ्या कलावंतांचं गाणं-वाजवणं त्यानं ध्वनिमुद्रित केलं. मेंढपाळाच्या मुद्रिकेचे निर्माते तेच.

वाजवणारे मुख्य तिघे, आणि तिघेही तिशीच्या आतबाहेरचे. तिघांची वाद्यंही अशी, की जाणत्यांच्या मैफलीत त्यांना सहज जागा मिळत नव्हती.

शिवकुमार शर्मा जम्मूचे. त्यांचं वाद्य संतूर, म्हणजे तारांनी भरलेली एक लाकडी पेटी. तिच्यावर दोन हलक्या लाकडी काड्यांनी हळूच टोले द्यायचे. काश्मीरमधल्या सूफी गायनाच्या साथीला ते वाजे. १९५५ साली सतरा वर्षांच्या शिवकुमारांनी ते मुंबईच्या संमेलनात वाजवलं, तेव्हा काहींना आवडलं, पण काही जाणकारांनी नाकं मुरडली. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ज्याला मींड म्हणतात, ते याच्यावर येत नाही, मग राग कसा वाजवणार? शिवकुमारांनी वाद्य सोडलं नाही. तारांची मांडणी बदलली, ते स्टँडवरून मांडीवर घेतलं आणि वर्षानुवर्षं झगडले.

हरिप्रसाद चौरसिया अलाहाबादचे. वडील पहिलवान. मुलानं आखाड्यात उतरावं ही त्यांची इच्छा. मुलगा वडिलांच्या नकळत संगीत शिकला! बासरीला मैफलीत मान मिळवून देण्याचं मोठं काम पन्नालाल घोष यांनी आधीच केलं होतं, पण ते १९६० मध्ये वारले. ती वाट आता या तरुणाला चालायची होती. तिसरे ब्रिजभूषण काब्रा, जोधपूरचे. त्यांचं वाद्य तर चक्क गिटार! ती आडवी मांडीवर घेऊन, धातूची कांडी तारांवर घासत ते राग वाजवत. तबल्यावर होते माणिकराव पोपटकर.

तेव्हा या मुद्रिकेत पणाला काय लागलं होतं, ते ओळखा. ही वाद्यं साथीपुरती, सिनेमापुरती आहेत की गंभीर रागसंगीतही पेलू शकतात, हा प्रश्न होता. 'संतुरावर रागच नीट येत नाही' म्हणणाऱ्यांना वाद घालून उत्तर देता आलं नसतं. वाजवूनच द्यायचं होतं.

आणि गोष्ट? ती सांगितली रागांच्या क्रमानं. आपल्या संगीतात रागांना वेळ ठरलेली असते. ग्रीक कथांवर रचना करणाऱ्यांकडे ही सोय नव्हती, आपल्याकडे ती आयतीच होती! मुद्रिका सुरू होते अहिर भैरव आणि नट भैरव या सकाळच्या रागांनी. अहिर भैरव ऐकताना धुक्यातून हळूहळू वाट दिसावी तसं वाटतं. मग पिलू. मग संध्याकाळचा भूप. नंतर रात्रीचा देस. (आकाशवाणीवर 'वंदे मातरम्' ज्या चालीत लागतं, ती देस रागातलीच.) आणि शेवटी पहाडी, नावातच पहाड असलेला. म्हणजे घड्याळ न दाखवता पहाट झाली, दिवस चढला, मेंढ्या परतल्या, चांदणं पडलं. काश्मीर न पाहिलेल्या माणसालाही दिवस कळतो, कारण दिवस तर सगळीकडे तसाच उगवतो आणि मावळतो. बोरी अरबच्या वावरातसुद्धा.

ही मुद्रिका देशात आणि देशाबाहेरही लोकांनी उचलून धरली. शिवकुमार आणि हरिप्रसाद यांची जोडी पुढे 'शिव-हरी' या नावानं सिनेमाच्या संगीतातही गाजली. पालकांनो, 'सिलसिला' आठवत असेल. शिवकुमार शर्मा १० मे २०२२ ला गेले आणि अवघ्या एका आठवड्यानं, १७ मेला, वँगेलिस गेले.

आता तुमच्या कामाचं सांगते. तुम्हाला असं काही करून पाहायचं असेल तर १९६७ सारखी मोठी कंपनी, मोठा स्टुडिओ लागत नाही. घरातला एक मोबाईल पुरतो. वाद्य कोणतंही चालेल. जत्रेतला पावा, भजनी मंडळाची खंजिरी, टाळ, पोळ्याला बैलांच्या गळ्यात घालतो ती घुंगरमाळ, स्टीलचं पाणी भरलेलं भांडं. शाळेत पेटी असेल तर फारच छान. एक सोपी युक्ती सांगू? पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत असतात. तीनच्या गटातली पहिली पट्टी सा समजा, आणि फक्त काळ्याच पट्ट्या वाजवत वर जा. सा, रे, ग, प, ध, हे भूपाचे पाचच सूर आपोआप मिळतात. काही चुकणारच नाही! मेंढपाळाची संध्याकाळ त्याच पाच सुरांत आहे.

ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद ठेवा, नाहीतर गोष्टीत सगळीकडे वारा सुटलेला ऐकू येईल. एकेक तुकडा दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नका. क्रम बदलून दोन-तीनदा ऐका. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पॅन, फेथॉन, जटायू, ही पात्रं कोणाच्याही मालकीची नाहीत, त्यांच्यावर कोणीही रचना करावी. पण चाल जिची तिची असते. आपल्या कायद्यानं रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं चालीवर त्याचा हक्क असतो. तेव्हा सिनेमाची चाल उचलून 'आमची रचना' म्हणायचं नाही. आणि खंजिरी वाजवणाऱ्या मित्राचं नावही यादीत आलंच पाहिजे. पालकांनो, मुलांचं काम कुठे पाठवण्याआधी किंवा सर्वांसमोर ठेवण्याआधी ही नावं एकदा तपासा.

आमच्या वर्गानं सध्या एक ग्रीक आणि एक आपली गोष्ट शेजारी शेजारी घेतली आहे. ग्रीक गोष्ट इकारसची. त्याच्या बापानं, डेडॅलसनं, पिसं आणि मेण जोडून दोघांना पंख केले. 'फार वर जाऊ नको' असं बजावलं, तरी पोरगं सूर्याकडे झेपावलं, मेण वितळलं आणि ते समुद्रात पडलं. आपली गोष्ट रामायणातली. जटायू आणि त्याचा थोरला भाऊ संपाती, दोघे उडत सूर्याच्या जवळ गेले. धाकटा होरपळू लागला, तेव्हा संपातीनं आपले पंख त्याच्यावर धरले. जटायू वाचला, संपातीचे पंख मात्र जळून गेले.

दोन्हींत वर वर चढणारे सूर आहेत. दोन्हींत शेवटी पडणं आहे. मग फरक ऐकवायचा कसा? मुलांनी बराच खल केला. इकारससाठी एकच पावा ठेवला, वर जातो आणि एकदम तुटतो. मग थोडा वेळ काहीच नाही. नंतर भांड्यातल्या पाण्याचा एक आवाज, बस्स. संपातीसाठी पावे दोन. एक धाप लागल्यासारखा तुटक वाजतो, तेवढ्यात दुसरा त्याच्या वर येऊन एकच लांब सूर धरतो. मग वरचा हळूहळू विरतो आणि खालचा वाजत राहतो. हे सुचवलं कोणी, ठाऊक आहे? 'मले झोप येऊन रायली' म्हणणाऱ्या त्याच गड्यानं.

मुद्रण करताना बाहेरून एक बंडी गेली आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज मध्येच शिरला. पुन्हा करू म्हटलं तर पोरं नाही म्हणाली. तो आवाज तसाच ठेवला आहे.

अडलंय ते फक्त नावावर. रचनेला 'जटायू' म्हणायचं की 'संपाती'? मुलं दोन गटांत वाटली गेली आहेत. 'जो वाजत राहतो त्याचं नाव' असं एक गट म्हणतो. 'जो गप्प झाला त्याचं नाव' असं दुसरा. मत घेतलं तर अकरा-अकरा. तेव्हा तूर्त फाईलवर नाव आहे 'दोन पावे'.